मुतखड्याची पाटी

माझी सगळी नोकरी जुन्नरच्या बस स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे गेली. खिडकीशेजारी भिंतभर वेळापत्रक रंगवलेलं होतं. काळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, कुठली गाडी, कुठून, किती वाजता, सगळं. माणूस त्या वेळापत्रकाला पाठ टेकवून उभा राहायचा आणि खिडकीत तोंड घालून विचारायचा, भीमाशंकरची गाडी कधी आहे. मी सांगायचे, पाटीवर लिहिलंय ना. तो समजूतदारपणे मान हलवायचा आणि विचारायचा, ते ठीक आहे, पण कधी आहे?

या नोकरीनं माझा स्वभाव बिघडला असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं असं की स्वभाव आधीपासूनच होता, खिडकीनं त्याला फक्त पगार दिला.

पण एक गोष्ट मी तिथं कधी केली नाही. गाडी रद्द असेल तर मी तोंडावर रद्द सांगायचे. ‘येईल, थांबा जरा’ हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. शेजारच्या काउंटरवरचे लोक गोड बोलून माणसाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे, आणि तो जाताना त्यांनाच राम राम घालून जायचा. माझ्याकडे मात्र रागानं बघून जायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. खोट्या आशेवर माणूस बसवून ठेवणं हा मला गुन्हाच वाटायचा.

रिटायर झाल्यावर सकाळी नगरपरिषदेच्या बागेत फिरायला जाऊ लागले. बाग म्हणजे काय, तर शिंगं तुटलेलं सिमेंटचं हरीण, आयुष्यात कधी ओलं न झालेलं कारंजं आणि कंबरेएवढं गाजरगवत. मी तक्रार घेऊन कार्यालयात गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. तिथं टेबलावर नारळ आणि शाल होती. बागेची जबाबदारी स्वेच्छेनं घेतल्याबद्दल माझा सत्कार झाला, फोटो निघाला आणि नळाची चावी माझ्या हातात आली. तक्रारीचा सत्कार झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, तोही माझ्याच तक्रारीचा. आता शाल अंगावर आहे म्हटल्यावर गवत उपटणं भाग होतं.

माझ्या जोडीला एक रिटायर गृहस्थ आले, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. खोडदला त्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, आकाशातलं ऐकणाऱ्या, त्यांच्या यंत्रांना ग्रीस लावण्यात त्यांची नोकरी झाली होती. तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो. ती सवय त्यांना इतकी लागली की रिटायर झाल्यावरही त्यांचा फोन बंदच असायचा, आणि हळूहळू त्यांनी बोलणंही तसंच बंद करून टाकलं होतं. पण माणूस कामाचा. नळी धरून उभे राहिले की आळं भरेपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही दोघांनी गवत काढलं, ओळखीपाळखीतून रोपं मागून आणली. घरगुती औषधाची रोपं कोणीही देतं, म्हणून तीच जास्त आली. अडुळसा, पानफुटी, गुळवेल, शतावरी. कढीपत्ता आणि शेवगा आधीपासून होतेच.

रोपं वर आली आणि माझी खिडकी पुन्हा उघडली. फिरायला येणारा प्रत्येक जण थांबून विचारू लागला, ताई, हे कशाचं झाड? मी सांगितलं की तो पुढं जायचा, आणि परतीच्या फेरीत त्याच झाडापाशी थांबून पुन्हा विचारायचा. महिनाभरात माझं डोकं फिरलं. मी भाऊंना सांगून टाकलं की प्रत्येक झाडापुढं पाटी लावायची. आयुष्यभर ज्या उपायानं एकाही माणसाचा प्रश्न थांबला नाही, तोच उपाय मला पुन्हा सुचला. भाऊ काही बोलले नाहीत, ते मी होकार समजले.

जुन्या बाजाराच्या गल्लीत एक पेंटर आहेत असं ऐकलं होतं. गेले तर ते त्यांच्या मुलाचं फ्लेक्सचं दुकान निघालं. ज्या मशीननं बापाचा धंदा बसवला त्या मशीनशेजारी स्टुलावर बसून बाप वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स गुंडाळून देत होता. मला हातानं रंगवलेल्या पाट्या हव्यात, पत्र्यावर, एवढंच मी बोलले आणि चाचा, गल्लीत त्यांना सगळे चाचाच म्हणतात, उठून उभे राहिले.

“हातानं?” त्यांनी विचारलं.

हातानंच, मी म्हणाले. मुलानं चहा आणला. चाचांनी कप घेतला तेव्हा बशी वाजायला लागली आणि वाजतच राहिली. मी बशीकडं बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

“बरश धरला की थांबतंय,” ते म्हणाले.

खरंच थांबायचं. पूर्ण नाही, पण थांबायचं. पाटीवर एक आडवी काठी धरायची, तिच्यावर मनगट टेकवायचं आणि मग अक्षर काढायचं, अशी त्यांची पद्धत होती. पहिल्याच दिवशी बागेत पत्रा मांडून बसले तेव्हा त्यांनी मला सांगितलं की स्टँडवरचं वेळापत्रक त्यांनीच रंगवलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की ते कधी कोणी वाचलं नाही.

“म्हाईत हाये. मी समोर टपरीवर बसायचो ना, च्या पीत, कोण वाचतंय का बघायला,” चाचा म्हणाले. “कोणच न्हाई. फकस्त तुमी वरडायच्या, पाटीवर लिहिलंय ना म्हणून. मला लई बरं वाटायचं. त्या पाटीची आठवण काढणाऱ्या तुमी एकल्याच व्हता.”

इतकी वर्षं मी लोकांच्या अंगावर ओरडत होते आणि समोरच्या टपरीवर बसून एक माणूस ते कौतुक म्हणून ऐकत होता.

आता गोंधळ कसा झाला ते सांगते. माझी कल्पना वहीएवढ्या पाटीची होती. चाचांना ती अपमान वाटली. बागेच्या मागच्या शेडचे उडालेले पत्रे पडून होते, ते त्यांनी कापून घेतले, आणि एकेक तुकडा आला खिडकीच्या झडपेएवढा. त्यावर त्यांनी वरच्या अंगाला ‘पानफुटी’ लिहिलं. लाल अक्षर, त्याला पिवळी सावली, कडेनं पट्टी. काम बघण्यासारखं होतं. पण खाली निम्मा पत्रा रिकामा राहिला. चाचा मागं सरकून बघत राहिले आणि अस्वस्थ झाले. मोकळा पत्रा बघवत नाही, म्हणाले, काहीतरी द्या लिहायला. मी घोडेगावच्या बहिणीला फोन लावला. तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला पाला आहे. तिनं सांगितलं ते मी लिहून दिलं आणि चाचांनी पत्रा भरून काढला. म्हणजे पुढचं सगळं जे झालं ते पत्रा मोठा होता म्हणून झालं.

पहिली पाटी उभी राहिली ती पानफुटीची. ‘पानफुटी. मुतखडा विरघळतो. सकाळी उपाशीपोटी पानं चावून खावीत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीपुढं माणसं उभी होती. हात मागं बांधून, मान वर करून, वरून खालपर्यंत वाचत होती. एक आजोबा बोट फिरवून वाचत होते. मी नोकरीत पाहिलं नाही ते दृश्य बागेत पाहिलं. चाचा समोरच्या बाकावर चष्मा लावून बसले होते.

“वाचत्यात,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं पुन्हा, “ताई, वाचत्यात.”

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. इतका आनंद मला सत्काराच्या शालीनंही झाला नव्हता. त्या आनंदात पानफुटीकडं लक्ष द्यायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी तिथं नुसते दांडे होते. चौथ्या दिवशी दांडेही नव्हते. मागाहून कळलं की एकानं ते घरी लावायला नेले, कारण बागेतली पानफुटी फार लवकर संपते अशी त्याची तक्रार होती.

आमच्या भागात इतके मुतखडे आहेत याची मला कल्पना नव्हती. माणसं येडगावहून मोटरसायकलवर आली, मंचरहून आली. एक जण पोटाच्या सोनोग्राफीची फिल्म घेऊन आला आणि बाकावर माझ्याशेजारी बसून ती उन्हाकडं धरून मला खडा दाखवू लागला. किती पानं खायची, त्यानं विचारलं. मी म्हणाले, पाटीवर लिहिलंय ना. तो म्हणाला, ते वाचलंय हो, पण आमचा खडा डाव्या बाजूला आहे. त्याच्यामागं आणखी दोघं उभे होते. मी नकळत म्हणाले, पुढचा. रांग लागली होती.

अडुळसा खोकल्यावर गेला. गुळवेल तापावर गेली, मुळापासून. शतावरी कशावर गेली ते घेऊन जाणाऱ्या बाई हळू आवाजात सांगून गेल्या. चाचांनी प्रत्येक पाटीखाली ‘पानं तोडू नयेत’ असं लिहिलं, निळ्या रंगात, फार सुंदर. लोकांनी तेही वाचलं आणि त्यांना ते पटलंही. एक गृहस्थ मला म्हणाले की पाटी लई चांगली लिहिलीय, लोकांनाच अक्कल पाहिजे राव. त्यांच्या हातातल्या पिशवीतून अडुळसा बाहेर डोकावत होता.

इकडं चाचांच्या हाताची थरथर वाढत चालली होती. मधेच ब्रश घसरायचा आणि रेघ भलतीकडं जायची. चाचा ती पुसायचे नाहीत. त्या रेघेला एक पान काढायचे, मग दुसरं, आणि घसरलेल्या रेघेची वेल व्हायची. सुरुवातीच्या पाट्यांवर एखादं पान असायचं. पुढच्या पाट्यांना कडेनं चांगली वेल चढली. बागेत पाला कमी होत गेला आणि पाट्यांवर वाढत गेला.

मग मला वाटलं, उपयोग लिहिला म्हणून तोडतात, तर उलटं लिहून बघू. शोभेची लाल-पिवळ्या पानांची झुडपं होती, त्यांना कधी कोणी हात लावला नव्हता. आधी त्यांच्यावर लिहून बघायचं ठरलं. ‘या झाडाचा काहीही उपयोग नाही.’ चाचा हे लिहायला नाखूश होते, पण पत्रा रिकामा राहण्यापेक्षा बरं म्हणून लिहिलं. दोन दिवस लोक त्या पाटीपुढं कुजबुजत राहिले. नगरपरिषद एवढा खर्च करून उपयोग नाही असं कशाला लिहील, त्यात काहीतरी लई भारी असणार, आतल्या लोकांसाठी राखून ठेवलंय. तिसऱ्या दिवशी झुडपं गेली. ज्यांनी ती नेली त्यांनी ती कशासाठी वापरली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि खाल्ली नसावीत एवढीच माझी प्रार्थना आहे.

कार्यालयातून साहेब आले. वरून पाहणी येणार होती. त्यांनी बागेवरून नजर फिरवली. नुसती काळी माती आणि तिच्यात ओळीनं उभ्या, रंगीत, वेलबुट्टीच्या पाट्या. ते म्हणाले, बाई, हे स्मशानासारखं दिसतंय. पाट्या काढा, झाडं आपोआप राहतील. नाव पाहिजेच असेल तर छोटा फ्लेक्स करून देतो. भाऊंकडं मी आशेनं पाहिलं. ते म्हणाले, “काढा.” त्यांचा महिन्याभरातला तो एकच शब्द होता आणि तोही माझ्या विरोधात.

त्यांचं चूक नव्हतं. मी पाट्या बंद करायचं सांगायला दुकानात गेले. चाचा आत नव्या पत्र्याला अस्तराचा रंग लावत होते, मला बघून त्यांनी विचारलं की आता कुठलं झाड. चहा आला. या वेळी त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि तरी चहा लेंग्यावर सांडला. मी तशीच उठले. मुलगा माझ्यामागं रस्त्यापर्यंत आला. त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण हे वाढत जाणार असंही सांगितलंय. हात कधीपर्यंत चालेल ते सांगता येत नाही.

“बागेत जायला लागल्यापासनं अब्बा घरात हसत्यात,” तो म्हणाला. “हात हाये तवर तरी पाट्या बंद नका करू, ताई.”

बघते, मी म्हणाले. खिडकीत असताना हा शब्द मी कोणाला दिला नव्हता.

म्हणजे झाडं ठेवायची तर पाट्या जाणार, आणि पाट्या ठेवायच्या तर झाडं. मी रस्ताभर चिडचिड करत घरी आले. चीड कोणावर होती तेही कळत नव्हतं. पत्र्यावर असेल. स्वयंपाकघरात फोडणीला कढीपत्ता नव्हता, म्हणून आणखी चिडले, कारण बागेतला कढीपत्ता पाटीशिवायही रोज लुटला जायचा, आणि लुटणारे सगळे माझ्या ओळखीचे होते. तेव्हा मला युक्ती सुचली. माणूस दुखणं सांगायला लाजत नाही. तो फिल्म उन्हात धरून दाखवतो. तो लाजतो ते वेगळ्याच गोष्टीला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना मजकूर दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि पोट धरून हसले. मग आम्ही कामाला लागलो. मी काठी धरायची, ते लिहायचे. पूर्वी काठी त्यांच्या डाव्या हातात असायची. आता तो हातही थरथरू लागला होता, म्हणून काठीचं काम माझ्याकडं आलं.

‘कढीपत्ता. पानं खाल्ल्यानं आळस जातो.’

‘जास्वंद. हे फूल देवाला वाहिल्यास खोटं बोलण्याची सवय सुटते.’

‘अडुळसा. चहाड्या करणाऱ्यांसाठी गुणकारी.’

‘शेवगा. पाल्याची भाजी खाल्ल्यानं दारू सुटते.’

नवी रोपं लावली, आणि ज्याचा पाला पोटात गेला तरी काही बिघडणार नाही अशीच झाडं या पाट्यांसाठी निवडली, तेवढी अक्कल माझ्यात होती. परिणाम असा झाला की मी स्वतः थक्क झाले. माणसं पाटीपर्यंत यायची, वाचायची, आणि हात हळूच खिशात घालायची. कढीपत्त्याला माझ्या आठवणीत पहिल्यांदा नवी पालवी आली. रोज सकाळी देवासाठी जास्वंदीची परडी भरणारे काका पाटी वाचून थांबले, आजूबाजूला कोण बघतंय का ते पाहिलं आणि देवाला कण्हेर घेऊन गेले. अडुळशाजवळून बायकांचे घोळके जायचे ते तोंड बंद करून. पाहणीला वरून आलेल्या साहेबांचा हात बोलता बोलता सहज जास्वंदीकडं गेला, मग त्यांची नजर पाटीवर गेली आणि हात टाय सारखा करायला वर गेला. बाग हिरवी आहे असा शेरा मिळाला. पाट्या काढायचं कोणी नाव काढलं नाही.

फक्त शेवगा कमी व्हायला लागला. खालच्या फांद्यांचा पाला रोज थोडा जायचा. मला वाटलं होतं की दारूची पाटी सगळ्यात सुरक्षित राहील. एका सकाळी मी लवकर गेले तर झाडाखाली एक बाई पदरात पाला खुडून घेत होती. पलीकडच्या आळीतली, तोंडओळखीची. मला पाहून ती दचकली नाही. आम्ही गमतीनं लिहिलेलं ही बाई घरी नेऊन शिजवत होती. मी तिला सरळ सांगून टाकलं की यानं दारूबिरू सुटत नाही, ते आम्ही पाला वाचवायला लिहिलंय, मला माफ कर.

“मला म्हाईत हाये की वो,” ती म्हणाली. “पर माझ्या मालकानं पाटी वाचलीया. ताटात ही भाजी दिसली की त्यो गप बसतो. काल गेलाच न्हाई बाहेर.”

तिनं पदर खोचला आणि गेली. मी पाटी काढणार होते. पाटीपाशी जाऊन उभीही राहिले. रद्द गाडीला रद्द म्हणायचं हे मला कळतं. पण गाडी येणार नाही हे माहीत असून फलाटावर शांत बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हे मला खिडकीनं शिकवलं नव्हतं. पाटी तिथंच राहिली.

पावसाळा संपताना चाचांनी एक पाटी स्वतःहून मागितली. नळाजवळ पानओवा माजला होता, जाड लुसलुशीत पानांचा. त्याची भजी होतात हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्याला पाटीची गरज नव्हती. चाचा म्हणाले, मजकूर माझा मी बघतो. ती पाटी करायला बरेच दिवस लागले. कधी एक अक्षर व्हायचं, कधी अर्धं. मी काठी दोन्ही हातांनी धरून बसायचे, तरी ती त्यांच्या मनगटाखाली हलायची. भाऊ मधेच नळी टाकून यायचे आणि काठीचं दुसरं टोक धरायचे. वेल इतकी वाढली की पत्र्यावर मोकळी जागाच उरली नाही. चाचांना पहिल्यांदा मजकुरासाठी जागा शोधावी लागली.

पाटी उभी राहिली तेव्हा मी वाचली. ‘पानओवा. हाताची थरथर थांबते. सकाळी एक पान.’

हे कोणी सांगितलं, मी विचारलं. माझ्या बहिणीच्या यादीत हे नव्हतं.

“मीच,” चाचा ब्रश पुसत म्हणाले. “बाकीच्या तरी कुणी सांगितल्या व्हत्या? आपणच ठरवल्या ना?”

मी हसले. तेही हसले.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊंनी मला खुणेनं नळाजवळ बोलावलं आणि पानओव्याच्या खालच्या फांदीकडं बोट दाखवलं. पानं खुडलेली होती, देठ ताजे होते. भज्यांसाठी नेणारा पसाभर नेतो. हा चोर रोज एकच पान नेत होता. माझं डोकं तापलं. सगळी बाग लाजेनं सुधारली आणि हा कोण निर्लज्ज, म्हणून मी त्याला पकडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या वेळेला आत शिरून शेडच्या आडोशाला उभी राहिले. काय बोलायचं ते मनात तयार होतं, आणि ते बरंच वाईट होतं.

चाचा आले. रंगाचे डबे बाकावर ठेवले. इकडंतिकडं बघितलं आणि पानओव्यापाशी उकिडवे बसले. पान खुडायलाच त्यांना वेळ लागला, बोटं फांदीवर थांबत नव्हती. मग पान रुमालानं पुसलं, तोंडात टाकलं आणि पाटीकडं पाठ करून सावकाश चावत राहिले. चावून झाल्यावर त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघत बसले. हात थरथरत होता. ते बघतच राहिले.

माझ्या पायाखाली पत्र्याचा तुकडा वाजला. त्यांनी मान वळवली. मला बघून त्यांनी हात पटकन खिशात घातला. तसाच खिशात हात घालणारी माणसं बाकावर बसून मोजत आम्ही दोघं हसलो होतो. मजकूर त्यांचा होता, अक्षर त्यांचं होतं, आणि त्यात तथ्य नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

“ताई,” त्यांनी विचारलं, “हुईल का वो थोडा फरक?”

चौकशीच्या खिडकीत मला जेवढे प्रश्न विचारले गेले त्यातला एकही इतका अवघड नव्हता. खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते एका शब्दाचं होतं. तो शब्द मी रोज कितीतरी लोकांच्या तोंडावर फेकला होता, बाळ कडेवर घेतलेल्या बायकांच्या, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांच्या. मी नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज नेहमीचा निघाला नाही.

“पाटीवर लिहिलंय ना, चाचा,” मी म्हणाले.

ते वळले. चष्मा वर सरकवला आणि स्वतःची पाटी वरून खालपर्यंत वाचली, वेलीसकट. मग डबे घ्यायला उठले. मी काठी उचलली आणि आम्ही पुढचा पत्रा मांडला.